‘संशयकल्लोळ’ ऐकताना

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक समारंभात शिक्षकाने परीक्षा, टक्केवारी आणि शिस्त यांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज एका नाटकाविषयी बोलणार आहे. तेही मराठी संगीत नाटक, शंभर वर्षांपूर्वीचे, आणि त्याचा विषय प्रेम व लग्न. आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. ‘सर मुलांना नाटके दाखवतात की काय?’ अशी शंकाही कोणाच्या मनात आली असेल. ती आलेली बरी. कारण माझा विषय शंका हाच आहे. आणि मी नाटक दाखवत नाही, ऐकवतो. त्या ऐकण्यात काय मिळते, आणि ऐकायचे सोडून मी एकदा केवढी चूक केली, हे आपणांस सांगावे म्हणून उभा राहिलो आहे.

प्रथम माझी या नाटकाशी ओळख कशी झाली ते थोडक्यात सांगतो. आमच्या घरात दखनी बोलली जाई. सातवीपर्यंत माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि आठवीत मी मराठी शाळेत आलो. पुस्तकातले मराठी वाचता येई, परंतु वर्गात तोंड उघडायची हिंमत होत नसे. ‘च’ कुठला म्हणावा, चमच्यातला की चार आण्यातला, इथपासून अडचण. जुन्या नाशकात आमच्या भिंतीला भिंत लागून एक वृद्ध गृहस्थ राहत. संध्याकाळी ते टेपरेकॉर्डरवर नाटकांच्या ध्वनिफिती लावीत. भिंतीपलीकडून मला सारे ऐकू येई. एक नाटक ते पुन्हा पुन्हा लावीत, आणि प्रत्येक वेळी एकाच जागी मोठ्याने हसत. त्यांना काय हसू येते ते समजावे म्हणून मी भिंतीला कान लावू लागलो. ते नाटक ‘संशयकल्लोळ’. मी ते रंगमंचावर पाहिले त्याला मध्ये दहा वर्षे गेली. तोवर त्यातली माणसे मला आवाजाने पाठ झाली होती, आणि वर्गात उभे राहून मराठी बोलण्याची माझी भीतीही गेली होती. भाषा आधी कानात जाते, मग जिभेवर येते, हे बी. एड.च्या वर्गात मी पुढे शिकलो. अनुभव मात्र त्या भिंतीपाशी घेतला होता.

आता नाटकाविषयी. ते गोविंद बल्लाळ देवल यांचे. देवलांचा जन्म १८५५ साली सांगलीजवळच्या हरिपूर येथे झाला. पैसेवाल्या म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवर ज्यांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहिले तेच हे देवल. ‘संशयकल्लोळ’ त्यांनी प्रथम गद्यात लिहिले होते. १८९३ सालच्या त्या नाटकाचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पुढे त्यात पदे घालून त्याचे संगीत नाटक झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस. त्याच वर्षी, १९१६ मध्ये, देवलांचे निधन झाले.

कथेचे मूळ मात्र आपल्याकडचे नाही. फ्रान्सचा नाटककार मोलियर याने १६६० मध्ये एका खोट्या संशयाने पछाडलेल्या नवऱ्याचे छोटे प्रहसन रचले. त्यावरून इंग्लंडमध्ये आर्थर मर्फी याने १७६१ साली मोठे नाटक केले, आणि त्यावरून देवलांनी आपले. पॅरिस, लंडन आणि मग महाराष्ट्र असा सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचा प्रवास करून ही गोष्ट आपल्या ओटीवर येऊन बसली, आणि इतकी रुळली की ती बाहेरची आहे असे सांगावे लागते. यावरून एवढे तरी ठरते की संशयाला देश नाही आणि धर्मही नाही.

गोष्ट अशी. फाल्गुनराव हे प्रौढ गृहस्थ. कृत्तिका त्यांची बायको. दोघेही संशयी. दुसरीकडे अश्विनशेठ नावाचा श्रीमंत तरुण आणि त्याचे जिच्यावर मन जडले आहे ती रेवती. रेवतीचा जन्म नायकिणीच्या घरातला, पण तिला आईचा मार्ग नको आहे. तिला लग्न करून संसार करायचा आहे आणि अश्विनशेठलाही तेच हवे आहे. त्याने तिला आपली एक तसबीर दिलेली आहे. एके दिवशी रस्त्यात रेवतीला घेरी येते. फाल्गुनराव तिला सावरतात. नेमके हेच दृश्य कृत्तिकेच्या नजरेस पडते. तेवढ्या गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते. बायको एका देखण्या तरुणाची तसबीर न्याहाळते आहे, हे फाल्गुनराव पाहतात. मग ती तसबीर फाल्गुनरावांच्या हातात जाते आणि तिथे अश्विनशेठ ती पाहतो. आपण रेवतीला दिलेली तसबीर या गृहस्थाजवळ आली कशी? झाले! चार माणसे, एक तसबीर आणि चार संशय.

या चौघांपैकी एकानेही खोटे पाहिलेले नाही. कृत्तिकेने पाहिले ते खरे, फाल्गुनरावांनी पाहिले तेही खरे. डोळ्यांनी कोणालाच फसवलेले नाही. प्रत्येकाने अर्धे पाहिले आणि उरलेले अर्धे स्वतःच्या मनाने भरून काढले. विचारायला मात्र कोणी तयार नाही. विचारलेच तर उत्तर पुरते ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. सगळे नाटक एवढ्यावर चालते.

म्हणून मला वाटते की हे नाटक ऐकण्यात एक विशेष गंमत आहे. रंगमंचावर तसबीर आपल्याला दिसते. ऐकताना दिसत नाही. ती आता कोणाजवळ आहे हे बोलण्यातूनच ओळखावे लागते. मी वर्गात एक खेळ करतो. चार विद्यार्थी पुढे उभे करतो. एक रेवती, एक कृत्तिका, एक फाल्गुनराव, एक अश्विनशेठ. एका पोस्टकार्डाची तसबीर करून ते रेवतीच्या हातात देतो आणि ध्वनिमुद्रण सुरू करतो. ऐकता ऐकता तसबीर ज्याच्याकडे गेली असे वर्गाला वाटेल त्याच्याकडे कार्ड द्यायचे. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग एकीकडे आणि निम्मा दुसरीकडे ओरडत असतो. मुद्रणात मूळ प्रेक्षक मध्येच खदखदून हसतात आणि आमच्या वर्गात कोणालाच कारण कळत नाही. दोन वाक्ये पुढे गेली की उलगडा होतो आणि मग वर्ग हसतो, मूळ प्रेक्षकांच्या मागून थोडा उशिरा. हे उशिराचे हसू मला फार मोलाचे वाटते. मुलांनी ते स्वतः कमावलेले असते.

दुसरी गोष्ट स्वगताची. फाल्गुनराव मनातला संशय स्वतःशीच बोलून दाखवतात. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला ते स्वगत दुरून ऐकू येते. कानाशी मुद्रण असले की तोच आवाज शेजारी बसून कुजबुजल्यासारखा येतो. संशय माणसाच्या मनात असाच बोलत असतो, हळू आणि अगदी खात्रीच्या सुरात. म्हणूनच तो खरा वाटतो.

पात्रे कशी ओळखायची, असे विद्यार्थी विचारतात. देवलांनी त्याची सोय करून ठेवली आहे. या नाटकात पुरुषांची नावे महिन्यांवरून आहेत आणि स्त्रियांची नक्षत्रांवरून. फाल्गुनराव, अश्विनशेठ आणि वैशाखशेठ हे उघडच महिने. फाल्गुनरावांचा नोकर भादव्या, तो भाद्रपदावरून. रेवती आणि कृत्तिका ही नक्षत्रे. आपल्या घरांत मुलांना मोहरम, सफर, रबीउल अव्वल हे महिने पाठ असतात, परंतु चैत्र-वैशाखाचा क्रम विचारला की गडबडतात. या एका नाटकाच्या निमित्ताने माझ्या वर्गाने बारा महिने आणि सत्तावीस नक्षत्रे हसत हसत पाठ केली. मराठीच्या पेपरात त्याला गुण नाहीत. पण ज्या गावात आपण राहतो तिथल्या शेजाऱ्याचे वर्ष कसे फिरते हे समजणे, यालाही मी शिक्षणच समजतो.

आता ज्यांना वाटते की हे आपले नव्हे, त्यांच्यासाठी दोन शब्द. नाटकाच्या जुन्या नावातला ‘तसबीर’ हा शब्द पाहा. तो अरबी ‘तस्वीर’ आहे. नाटकात जो होतो तो ‘गैरसमज’. त्यातला ‘गैर’ अरबी आणि ‘समज’ देशी. दोघांनी मिळून एक मराठी शब्द केला. शेवटी जो व्हावा लागतो तो ‘खुलासा’, तोही अरबीच. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश, मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. हा फरक मी वर्गात सांगतो तेव्हा उर्दू जाणणाऱ्या मुलांचे डोळे चमकतात. मराठीच्या घरात आपण पाहुणे नाही, हे त्यांना भाषणावाचून कळते.

संगीताचेही तसेच. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. भास्करबुवांनी विद्या घेतली ती फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांकडून. गंधर्व मंडळीत तबल्याची साथ पुढे अहमदजान थिरकवाँसारख्या उस्तादाने केली. ‘मानापमान’ या १९११ सालच्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे अल्लादिया खाँसाहेबांना गुरू मानीत. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते आणि गावातले सर्व लोक जातात. मराठी नाट्यसंगीताच्या गळ्यात आपल्या उस्तादांचा श्वास आहे. तेव्हा पद लागले की ‘हे काय आहे’ असे म्हणून बंद करण्याआधी क्षणभर ऐका.

ऐकण्याचे साधनही नवे नाही. मुंबईत नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. नंतरच्या काळात आकाशवाणीवरील नभोनाट्यांनी खेड्यापाड्यांतल्या हजारो घरांत रंगभूमी नेऊन पोचवली. ज्यांना तिकीट परवडत नव्हते, ज्या स्त्रियांना रात्री नाटकाला जाण्याची मुभा नव्हती, त्यांनी ही नाटके चुलीपाशी बसून ऐकली. त्याही आधी ग्रामोफोनची तबकडी होती. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. रंगमंचावर वन्समोअर घेत लांबणारे पद गायकाला त्या तीन मिनिटांत बसवावे लागे. आज जुन्या ध्वनिफितींचे मुद्रण आणि अनेक प्रयोग मोबाइलवर ऐकता येतात. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याचा उपयोग काय करायचा, एवढाच प्रश्न आहे.

आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. सांगणे सोपे नाही. पण ज्या नाटकाची मी एवढी तारीफ केली, तेच मी माझ्या वागण्यात विसरलो होतो, हे लपवून ठेवले तर या भाषणाला अर्थ राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाला मी पहिला अंक ऐकवला. घंटा झाली आणि बाकीचा राहिला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मागच्या जिन्याखाली मला एक विद्यार्थी दिसला. कानात इअरफोन, हातात मोबाइल. मला पाहताच त्याने पडद्यावर हात ठेवला आणि चेहरा पांढरा पडला. शाळेत मोबाइल आणायला बंदी होती. पण माझ्या मनाने तेवढ्यावर भागवले नाही. हा मुलगा काय पाहत असेल, हे मी एका क्षणात ठरवून टाकले. खरे सांगतो, तो कोणत्या वस्तीतला आहे हेही त्या क्षणात माझ्या मनात येऊन गेले. मी एकही प्रश्न विचारला नाही. मोबाइल घेतला, बंद केला आणि वडिलांना बोलावून त्यांच्या हातात दिला. ‘लक्ष ठेवा, मुलगा वाईट गोष्टी पाहतो’ असे मी म्हणालो.

ते गृहस्थ गाड्यांच्या डेंटिंगचे काम करतात. मान खाली घालून त्यांनी ऐकले आणि मुलाला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. आठ दिवस झाले. हजेरी घेताना मी वर्गात विचारले, तेव्हा त्याचा मित्र उभा राहिला. म्हणाला, “सर, तो आता अब्बांच्या गॅरेजमध्ये जातो. सर, तो तुमचंच नाटक ऐकत होता. दुसरा अंक. घरी सगळे एकाच खोलीत असतात, म्हणून जिन्याखाली बसला होता.”

मित्रहो, त्या दिवशी वर्गात मी पुढे काय शिकवले ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी वडाळ्याला त्यांच्या घरी गेलो. त्या मुलासमोर, त्याच्या आईसमोर, वडिलांची माफी मागितली आणि मग मुलाची मागितली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, आपने बोला तो मैंने मान लिया. पूछा तो मैंने भी नहीं.” हे एकच वाक्य. पण माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत मला याहून मोठा धडा कोणत्याही पुस्तकाने दिलेला नाही.

मुलगा शाळेत परत आला. पण पूर्वी तो दुसऱ्या बाकावर बसत असे, आता शेवटच्या बाकावर जाऊन बसला. मी प्रश्न विचारला की खाली पाही. माफी मागितली म्हणून सारे लगेच पूर्ववत होते असे नाही, हे नाटकात नसते, आयुष्यात असते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पुन्हा वर्गात नाटक घेतले आणि भादव्याची वाक्ये कोण वाचतो असे विचारले. मागून एक हात वर आला. तो त्याचा होता. आज तो बारावीत आहे.

आता आपण पुन्हा रेवतीकडे पाहू. संशय चौघांनाही येतो, पण त्याची सर्वांत जास्त झळ रेवतीला बसते. कारण तिचा जन्म ज्या घरात झाला त्या घराकडे जगाने आधीच बोट दाखवलेले आहे. एखादी तसबीर कुलीन घरातल्या मुलीकडून हरवली असती तर ‘हरवली असेल’ असे म्हटले गेले असते. रेवतीकडून हरवली की ‘दिली असेल’ असे म्हटले जाते. ज्याच्याकडे लोक आधीच तिरक्या नजरेने पाहतात त्याला संशय लवकर चिकटतो. आपल्या समाजातल्या कित्येक तरुणांना हा अनुभव आहे. घर भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत, नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बदल आपण ओळखतो. त्याचे दुःख आपल्याला होते आणि ते रास्त आहे. पण जिन्याखाली बसलेल्या मुलाकडे मी त्याच नजरेने पाहिले होते. त्याची वस्ती पाहिली, त्याला पाहिले नाही. आपल्यावर होतो तो अन्याय ओळखणे सोपे. आपल्या हातून होतो तो ओळखायला रेवतीच्या जागी बसून पाहावे लागते.

देवलांनी संशयावर दोन नाटके लिहिली. १८९० साली त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केले. शेक्सपिअरचा तो मूर सेनापती एका हातरुमालावरून पत्नीवर संशय घेतो आणि निरपराध पत्नीचा जीव घेतो. इथे रुमाल, तिथे तसबीर. वस्तू तेवढीच क्षुल्लक, रोगही तोच. एका नाटकाचा शेवट मृत्यूत होतो, दुसऱ्याचा लग्नात. फरक एवढाच की एका ठिकाणी खुलासा व्हायला उशीर होतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो वेळेवर होतो. ‘संशयकल्लोळ’ ऐकताना आपण इतके हसतो, कारण हे सारे वेळेत सुटणार याची आपल्याला खात्री असते. घरात आणि शाळेत तशी खात्री कोणी दिलेली नाही. माझ्या बाबतीत आठ दिवसांत सुटले. आठ महिने लागले असते तर तो मुलगा आज गॅरेजमध्येच असता.

आपल्या दीनने तर याविषयी आपल्याला फार पूर्वीच सावध केलेले आहे. सूरह हुजुरातमध्ये पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची आणि दुसऱ्याची टेहळणी न करण्याची आज्ञा आहे. त्याच सूरहमध्ये असेही बजावले आहे की भरवशाचा नसलेला कोणी बातमी घेऊन आला तर आधी तपास करा, नाहीतर नकळत कोणावर अन्याय कराल आणि मग पस्तावाल. आपण ज्याला बदगुमानी म्हणतो तीच ही. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि मान डोलावतो. नाटक ऐकताना आपण तेच पाहून हसतो. दोन्ही ठिकाणचा धडा एकच. फक्त एका ठिकाणी डोळ्यांत पाणी येते आणि दुसऱ्या ठिकाणी हसून हसून येते.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाच्या कानात इअरफोन दिसला की हिसकावून घेण्यापूर्वी विचारा, “बेटा, काय ऐकतोस? मलाही ऐकव.” उत्तर खरे असेल तर आपल्याला एक चांगली गोष्ट ऐकायला मिळेल. खोटे असेल तरी तुम्ही विचारलेत हे मुलाच्या लक्षात राहील. लक्ष ठेवू नका असे मी म्हणत नाही. लक्ष ठेवणे हे पालकांचे कामच आहे. पण लक्ष ठेवणे वेगळे आणि पाळत ठेवणे वेगळे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला नाटक ऐकायचे असेल तर माझी रीत सांगतो. प्रथम कथा समजून घ्या. मी आज सांगितली तेवढी पुरे. एका कागदावर पात्रांची नावे लिहून समोर ठेवा. एका बैठकीत सारे ऐकू नका, रोज एक अंक ऐका. पद लागले की कंटाळून पुढे ढकलू नका. ते कोण म्हणते आहे, कोणाला उद्देशून आणि कोणत्या मनःस्थितीत, एवढे ओळखा. राग कळला नाही तरी चालेल. अडलेला शब्द वहीत लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारा. आणि शक्य असेल तर एकटे ऐकू नका. इअरफोन काढा, मोबाइल मध्ये ठेवा, आईला बोलवा, आजीला बोलवा. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीला मराठी फारसे येत नाही. तिने कृत्तिकेचा नुसता आवाज ऐकला आणि म्हणाली, “ये तो अपनी पड़ोसन है!” नाटक कळायला याहून अधिक काय लागते?

नाटक पुस्तकरूपाने वाचायचे असेल तर आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर आपल्या गावात कालिदास कलामंदिर आहे. ज्या गावात कुसुमाग्रज राहिले, वसंत कानेटकरांनी महाविद्यालयात शिकवत शिकवत नाटके लिहिली, त्या गावातल्या बागवानपुऱ्यातल्या, कोकणीपुऱ्यातल्या, वडाळ्यातल्या मुलांचा रंगभूमीवर तेवढाच हक्क आहे. तिकीट काढून खुर्चीवर बसाल तेव्हा संकोच करू नका. पात्रे तुमच्या ओळखीची असतील. तुम्ही ती कानांनी पाहिलेली असतील.

शेवटी एवढेच. त्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना एकदा मी विचारले होते, “बाबा, सारे तोंडपाठ असताना तुम्ही दर वेळी हसता कसे?” ते म्हणाले, “अरे, फाल्गुनराव आज तरी बायकोला नीट विचारील, असं मला दर वेळी वाटतं.” त्या वेळी मला ते गमतीचे वाटले. वडाळ्याहून परत येताना मात्र ते आठवले आणि हसू आले नाही.

आपण आज घरी गेल्यावर कोणाला तरी, ज्याच्याविषयी मनात काही धरून बसलो आहोत अशा कोणाला तरी, एक प्रश्न विचारावा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. एवढे झाले तरी माझ्या बोलण्याचे चीज झाले असे मी समजेन.